नववा कुठं होता?

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

मु. कुंभेवाडी, ता. मुळशी
२० नोव्हेंबर १९६१

चि. जयसिंगभावजी यांस गोजरावहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पत्र दिवाळीतच मिळालं. उत्तराला उशीर झाला, त्याला कारण काही नाही. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला. यंदा एवढा पाऊस होऊनही भात बरं आलंय. चांगलं झालं असं म्हणायचं असतं, म्हणून म्हणते.

तुमचा ‘सांगावा’ दर आठवड्याला एसटीनं येतो. श्रावणात महिपत गेला तेव्हापासून अंक घड्या न मोडता फळीवर पडून होते. पोरगा गेलेल्या घरात येऊन, आम्हाला पेपर वाचून दाखवा असं कोण म्हणणार? शेवटी मागच्या रविवारी शेजारचा कोंडाजी आला, वरचा अंक काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, वयनी, तुमी चौथी शिकलायसा, आता तुमीच वाचा. मी वाचलं. महिपत आवाज बदलून बदलून वाचायचा, तसं मला येत नाही. तरी ओटा भरला होता.

त्यात तुमचं ‘आकाशकाकांना विचारा’ होतं. तुमच्या पुतण्यानं, महिपतनं, ठेवलेलं नाव अजून तसंच आहे हे पाहिलं. एका बाईनं विचारलं होतं की चंद्रावर राहायला गेलं तर संकष्टीचा उपास सोडायचा कधी, आणि तुम्ही लिहिलंत की तिथं चंद्रोदय व्हायचाच नाही, तेव्हा पृथ्वी बघून जेवून घ्यावं. सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

लगेच आमच्या लोकांचे प्रश्न सुरू झाले, ते लिहून पाठवायचं कबूल केलंय. कोंडाजी विचारतो की रशियाचा माणूस वर जाऊन आला ते ठीक हाय, पण तितं तंबाकू खाल्ली तर थुकायची कुटं? सगुणाआजी म्हणते की ती रानातून घरी येते तेव्हा चंद्र तिच्या मागं मागं येतो, आणि कोंडाजी म्हणतो त्याच्या मागं येतो. तर खरा कुणाच्या मागं, त्याचा एकदा निकाल लावा. म्हातारी हट्टाला पेटलीय.

तुमचे दादा ओट्यावर होते. त्यांनी काही विचारलं नाही. तसे बरे आहेत. जेवतात, गुरं बघतात, बोलत मात्र नाहीत. पौडच्या बाजारात एक बुवा सांगत होता म्हणे, येत्या पौषी अमावास्येला अष्टग्रही आहे, आठ ग्रह एका राशीत जमणार आणि जग बुडणार. लोक घाबरून घरी आले. तुमचे दादा आले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. मला वाटलं बाजारात काही चांगलं घडलं असेल. राबाचे वाफे भाजायला फांद्यांची कवळ तोडायला डोंगरात कधी जायचं म्हणून विचारलं, तर म्हणाले, बघू.

तुमच्यासाठी एक स्थळ आलं होतं, मुलगी नेऱ्याची आहे. आता अष्टग्रहीच्या भीतीनं कुणी लग्नाचा विषय काढीना, तेव्हा तुम्हाला आयती सवड मिळाली. सवडीत जेवणखाण नीट करा. माया आहे तेवढी असू द्या.

तुमची वहिनी
गोजरा

॥ श्री ॥

पुणे
३० नोव्हेंबर १९६१

ती. सौ. गोजरावहिनीस जयसिंगचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावले. तुम्ही वाचन सुरू केलेत हे वाचून बरे वाटले असे लिहिणार होतो. खरे सांगायचे तर काय वाटले ते कळले नाही. पत्र दोनदा वाचून खिशात ठेवले आणि शाळेत भूगोलाचा तास घेतला.

कोंडाजीला सांगा की तिकडे तंबाखू खाल्ली तर गिळावी लागेल. वजनच नसल्यामुळे पिचकारी खाली पडणार नाही, ती गोळ्या होऊन खोलीभर तरंगेल आणि शेवटी त्याच्याच मिशीवर येऊन बसेल. सगुणाआजीचा निकाल असा, की चंद्र दोघांच्याही मागे येत नाही. तो इतका लांब आहे की आजी कुंभेवाडीत चालली काय किंवा पिरंगुटपर्यंत गेली काय, त्याची जागा तिला हललेली दिसत नाही. झाडे मागे पडतात, तो पडत नाही, म्हणून तो सोबत येतोय असे वाटते. दोघांनी भांडण मिटवून एकाच वाटेने घरी यावे. हे दोन्ही प्रश्न पुढच्या अंकात नावानिशी छापतो आहे.

अष्टग्रहीचे म्हणाल तर इथे शहाण्या पुण्यातही तेच चालले आहे. पोस्टकार्डांची पोती येतात. मुलीची परीक्षा आधी घेता येईल का, साखर साठवावी का, सावकाराला थांबायला सांगावे का, असले प्रश्न. पोती दाराशीच रचून ठेवतो, येणारा अडखळतो. खिडकीखालची जागा मोकळी आहे, पण ती महिपतसाठी केली होती. येत्या जूनमध्ये तो शिकायला येणार होता. तिथे अजून काही ठेवलेले नाही.

संपादकांनी अष्टग्रहीसाठी पूर्ण पान दिले आहे. मी कुंडलीचे चित्र काढून, ग्रहांची अंतरे देऊन, अगदी अडाण्यालाही पटेल असे लिहितो की काहीही होणार नाही. ते ओट्यावर मोठ्याने वाचा. दादांच्या मनातली भीती गेली की कवळ तोडायला आपोआप जातील. दादा घाबरले असतील असे मला कधी वाटले नव्हते, पण या वर्षी माणसाला काय होईल सांगता येत नाही.

मी विनोद लिहितो, लोक हसतात, संपादक खूश आहेत. हात आपोआप चालतो. मी त्यात नसतो. हे तुमच्याशिवाय कुणाला लिहिणार?

नेऱ्याच्या मुलीला माझ्याकडून सवड कळवावी. तुमचा आशीर्वाद आहे तिथेच राहू द्यावा.

आपला
जयसिंग

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

कुंभेवाडी
२४ डिसेंबर १९६१

चि. जयसिंगभावजी यांस आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पान आलं. आतापर्यंत ओट्यावर एवढी माणसं कधी जमली नव्हती. डोंगरावरच्या पाड्यातली फुलाबाई डोक्यावरचा मोळीचा भारा अंगणात टाकून ऐकत उभी राहिली. कोंडाजीनं आधीच विचारून ठेवलं होतं की आठ ग्रह एका अंगाला गेले तर जमीन कलंडून मुळशी धरणाचं पानी आमच्या अंगावर यील का. तुम्ही लिहिलंत की त्या सगळ्यांच्या ओढीनं पाणी जेवढं चढेल त्याहून जास्त कोंडाजीच्या म्हशी डुंबायला उतरल्यावर चढतं. लोकांनी त्याला इतकं चिडवलं की तो म्हशी घेऊन निघून गेला. सगुणाआजीनं भैरवनाथाला हात जोडले आणि तुमच्या नावानं नारळ कबूल केला. एवढी भीती होती लोकांच्या पोटात, ती गेली. तुमचं हे पुण्याचं काम झालं.

तुमचे दादा मधेच उठून आत गेले. संध्याकाळी जेवले नाहीत. मी चुलीशी बसले होते, तिथं येऊन उभे राहिले आणि म्हणाले की जयसिंगाला कुणी सांगितलं होतं हे लिहायला? मी म्हटलं, अहो, काही होणार नाही हे चांगलंच ना. तर म्हणाले, तुला चांगलं असंल.

भावजी, आपण दोघंही चुकलो. ते घाबरले नव्हते. ते वाट बघत होते. अमावास्येला सगळं संपणार, एवढ्या एका बोलण्यावर त्यांनी दिवाळीपासूनचे दिवस काढले. म्हणून जेवत होते, म्हणून गुरांची उठबस करत होते, थोडेच दिवस करायचंय म्हणून. तुम्ही सगळ्या गावाची भीती काढलीत आणि त्यांचा आधार काढून घेतलात. हे तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. मलाही ते कुठं कळलं होतं? मीच वाचलं ना मोठ्यानं.

तरी अजून त्यांचा तुमच्या लिहिण्यावर पुरा विश्वास बसलेला नाही, अमावास्येपर्यंत बसणारही नाही. मार्गशीर्षात घरोघरची माणसं कवळ तोडायला डोंगरात गेली. तुम्हीही लहानपणी जायचात. फांद्या आत्ता तोडून वाळल्या नाहीत तर चैत्रात वाफे कशानं भाजायचे, आणि राब झाला नाही तर भाताची रोपं कुठून यायची? हे त्यांना मी सांगायचं? परवा त्यांनी कणगीतलं बियाण्याचं भात काढलं आणि घरोघर पायली पायली देऊन आले. ओढ्याकडचा धाकटा वाफा, महिपत लहानपणी रुसला म्हणून त्यांनी त्याला दिलेला, त्या वाफ्यापुरतं बी महिपत वेगळ्या मडक्यात ठेवायचा. ते मडकंसुद्धा सगुणाआजीकडे दिलं. मी दारात उभी राहून बघितलं. अडवलं नाही.

माझंही तुम्हाला सांगते. काल दूध उतू जात होतं आणि मी समोर बसून ते चुलीत सांडताना बघत होते. लोक म्हणतात गोजरा दगडाची आहे, पोरासाठी धड रडली नाही. रडायला येत नाही त्याला मी काय करू?

मला जग बुडण्याची भीती नाही. मला दुसऱ्या दिवशीच्या सकाळची भीती आहे. काहीच झालं नाही म्हणजे हे काय करतील? त्या दिवशी तुम्ही इथं असायला हवं. बाकी काही मागत नाही. जिवाला जपा, आम्हाला विसरू नका.

गोजरा

॥ श्री ॥

पुणे
५ जानेवारी १९६२

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मिळाल्यावर मी लिहिलेले पान पुन्हा वाचून पाहिले. काहीही होणार नाही, हे वाक्य त्यात किती वेळा आले आहे! लिहिताना मजा वाटली होती. हे ऐकणे कुणाला सोसणार नाही, ऐकून कुणाचे काय होईल, असा विचार मनाला शिवला नाही. घाबरलेल्यांना धीर द्यायचा एवढेच डोक्यात होते.

तेव्हापासून रोज पोस्टकार्डे लिहायला बसतो. हो, शेअर विकू नका. हो, मुलीला माहेरी आणायची गरज नाही. आणि खाली ते नेहमीचे वाक्य लिहायला गेलो की लेखणी थांबते. कार्ड पाठवणाऱ्यात दादांसारखा एखादा असेल, तर त्याला मी काय सांगतो आहे?

मी येतो. पौषी अमावास्या ५ फेब्रुवारीला, सोमवारी पडते, मी शनिवारी संध्याकाळच्या गाडीने पौडला उतरेन. रविवारी संपादकांनी इथे मैदानावर सभा ठरवली आहे, लोकांनी प्रश्न विचारायचे आणि आकाशकाकांनी व्यासपीठावरून उत्तरे द्यायची. त्यांना नाही म्हणून कळवले. ते रागावले. कॉलेजातले कुणी प्राध्यापक येऊन उत्तरे देतील.

बियाण्यावरून दादांना काही बोलू नका. मी काय करू शकेन ते मला माहीत नाही, पण येतो. तोवर एवढेच करा, की मी येणार आहे हे त्यांना सहज सांगून ठेवा. ममतेला अंतर देऊ नये.

जयसिंग

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

कुंभेवाडी
२२ जानेवारी १९६२

चि. जयसिंगभावजी यांस आशीर्वाद.

घाईत लिहिते. तुम्ही येताय हे सांगितलं. म्हणाले, येऊ दे, शेवटाला सगळी एका ठिकाणी असलेली बरी.

लोकांची भीती गेली म्हणून लिहिलं होतं, ती जशी गेली तशी परत आली. सगुणाआजी गळ्यात सगळ्या सोन्याच्या पुतळ्या घालून हिंडते. म्हणते, मरायचंच हाय तर पेटीत कशाला ठिवू? कोंडाजीनं भैरवनाथाला कबूल केलेला कोंबडा आधीच कापून खाल्ला, देव पुढं मागायला राहतो न राहतो म्हणून. त्यावर आजीनं विचारलंय की आठ ग्रहांत आपला चंद्र पण हाय, मग तो शिकून सवरून असल्या मेळ्यात गेलाच कशाला? उत्तर सवडीनं द्या.

तुमच्या दादांनी दाढी केली, धोतरं धुऊन घेतली, गोठ्याची कुडाची भिंत बांधून काढली. कवळ तोडायचा कोयता कोंडाजीला देऊन टाकला. हे सगळं शांतपणे. तेच मला बघवत नाही. लवकर या.

गोजरा

॥ श्री ॥

पुणे
९ फेब्रुवारी १९६२

ती. सौ. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुम्ही दिलेल्या नाचणीच्या भाकरी वाटेत पिरंगुटला खाल्ल्या.

इथली सभा जोरात झाली म्हणे. मैदान भरले होते, प्राध्यापकांनी छान उत्तरे दिली. मला सगळे विचारतात की तुम्ही कुठे होता? मी सांगतो गावी होतो. पुढे कुणी विचारत नाही.

दोन दिवस मी दादांच्या शेजारी ओट्यावर बसलो आणि एक शब्द बोलू शकलो नाही. ज्याला सगळे पुणे प्रश्न विचारते तो मी. काय बोलणार होतो? ग्रह किती लांब आहेत ते? रविवारी लोक आभाळाकडे बघत होते आणि बघायला काहीच नव्हते, कारण ते सगळे सूर्याच्या उजेडात बुडालेले होते. कोंडाजीने मला विचारले की मंग आलं का न्हाई ते? मी म्हटले आले आहेत, दिसत नाहीत. तेव्हा दादांनी माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा समोर बघत बसले.

मंगळवारी सकाळी डोंगरावर सूर्य आला. लोक एकमेकांना हाका मारू लागले, सगुणाआजीने पुतळ्या काढून पदरात बांधल्या, कुणीतरी हलगी वाजवली. दादा अंगणात उभे होते. उगवला, एवढेच म्हणाले आणि घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. मी निघालो तेव्हाही निजलेलेच होते. मी पाया पडलो ते त्यांना कळले की नाही ठाऊक नाही.

मी यायला नको होते असे वाटत नाही. पण येऊन काय केले तेही सांगता येत नाही. त्यांची तब्येत रोज नाही तरी आठवड्याला कळवा. या वेड्या दिरावर दया असू द्यावी.

जयसिंग

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

कुंभेवाडी
२७ फेब्रुवारी १९६२

चि. जयसिंगभावजी यांस गोजरावहिनीचे आशीर्वाद. वि. वि.

तुम्ही येऊन काय केलंत म्हणता. तुम्ही शेजारी बसलात. बाकी सगळे त्यांना काही ना काही सांगायला आले होते.

तुम्ही गेल्यावर ते निजूनच होते. ताट पुढं ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर मागायचे नाहीत. गुरांचं मीच बघितलं. एकदा गाय ओरडत होती आणि ते ऐकत असूनही उठले नाहीत. त्या दिवशी मी खरी घाबरले.

मग सगुणाआजी आली. डोक्यावर टोपली, टोपलीत आपलं भात, आणि वर ते महिपतचं मडकं. तिच्या मागून कोंडाजीची बायको, मग बाकीच्या घरच्या बाया. कुणी एक दाणा शिजवला नव्हता. मी आजीला विचारलं की तुम्ही तर जग बुडणार म्हणून पुतळ्या घालून हिंडत होता, मग हे ठेवलंत कशाला? तर माझ्यावरच ओरडली, की बियाचं भात कोन खातंय गं, जग बुडंल न्हाईतर ऱ्हाईल, बी ते बी! आपल्याकडे दुसऱ्याचं बी कुणी रांधत नाही हे खरं, पण मला हे सुचलं नव्हतं. तुमच्या दादांनी निजल्या जागेवरून बघितलं. ठिवा तितं, म्हणाले. आनंद झाला म्हणावं तर तसं काही तोंडावर नव्हतं. मलाही झाला नाही. ठेवून घेतलं.

आता ज्यासाठी पत्र लिहितेय ते. तुमच्या अष्टग्रहीच्या पानात कुंडलीचं चित्र होतं. ते पान मी चहाच्या डब्याखाली फळीवर अंथरलं होतं. परवा चहा घेताना तुमचे दादा तिकडे बघत राहिले. रविवारी मी ओट्यावर वाचायला बसले तेव्हा आपण होऊन बाहेर आले, खांबाला टेकून बसले. माझं वाचून झालं, नेहमीसारखी थट्टा चालली होती. मधेच त्यांनी विचारलं की ग्रह तर नऊ हायेत, आठ एका घरात जमलं, मग तो राहू एकटाच समोरच्या घरात का? त्याला कुनी बोलावलं न्हाई का?

श्रावणानंतर ओट्यावर त्यांनी पहिल्यांदा काही विचारलं असेल. मी म्हटलं, आकाशकाकांना लिहून विचारते. ते म्हणाले, विचार.

उत्तर नीट द्या. यात विनोद करू नका. आणि दिलासा द्यायला खोटंही लिहू नका, त्यांना ते कळेल. वाट बघते.

गोजरा

॥ श्री ॥

पुणे
६ मार्च १९६२

ती. दादांच्या चरणी जयसिंगचे शि. सा. न. वि. वि.

तुमचा प्रश्न वहिनींनी कळवला. इतक्या पोत्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. लोकांनी आठांची काळजी केली.

दादा, राहूला कुणी टाळले नाही. तो येऊच शकत नव्हता. राहू हा बाकीच्यांसारखा ग्रह नाही. त्याला आकार नाही, उजेड नाही, दगडमाती नाही. दुर्बीण लावली तरी तिथे काही दिसत नाही. आभाळात सूर्याची एक वाट आहे आणि चंद्राची एक. त्या वाटा दोन ठिकाणी एकमेकींना ओलांडतात, अगदी समोरासमोर. त्यातल्या एका जागेला केतू म्हणतात, तो आठांत धरला होता, आणि दुसरीला राहू. केतूच्या अंगाला या वेळी गर्दी झाली, म्हणून राहू समोर एकटा दिसला. राहू म्हणजे एक रिकामी जागा आहे, एवढेच.

मग पंचांगवाले ती कशाला लिहितात असे तुम्ही विचाराल. मीही विद्यार्थी असताना विचारले होते. ती जागा रिकामी आहे खरी, पण गणित मांडताना ती धरावीच लागते. नाही धरली तर ग्रहण कधी लागणार आणि कधी सुटणार ते सांगता येत नाही, सगळाच हिशोब चुकत जातो. जे नाही त्याचीही जागा धरूनच पुढचे मांडायचे, अशी ती रीत आहे.

माझ्या खोलीत खिडकीखालची जागा मी महिपतसाठी मोकळी केली होती. लोक म्हणतात तिथे टेबल ठेवा. मी ठेवत नाही. आतापर्यंत ते का हे मलाच कळत नव्हते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना आज कळले आणि मला रडू आले. कार्डावर डाग पडला म्हणून हे दुसऱ्या कागदावर लिहितो आहे.

हे उत्तर मी छापणार नाही. ते तुमचे आहे. आणखी काही विचारावेसे वाटले तर विचारा, थोरल्या भावाने धाकट्याला विचारले तर कमीपणा नाही.

वहिनींना नमस्कार. सगुणाआजीला सांगा की चंद्र त्या मेळ्यात दरमहा सूर्याला भेटतो तसाच गेला होता, आणि तो बिघडलेला नाही. तुमच्या पायांशी जागा असू द्यावी.

तुमचा
जयसिंग

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

कुंभेवाडी
१० एप्रिल १९६२

चि. जयसिंगभावजी यांस गोजरावहिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पाडवा झाला. गुढी उभारली, सुतक आहे का नाही यावर आजीनं वाद घातला आणि शेवटी तिनंच लिंबाचा डहाळा आणून दिला.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, ओट्यावर नाही, घरात. पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी कोंडाजीकडे गेले आणि कोयता मागून आणला. एवढ्या उशिरा कवळ तोडायला जाणारा गावात दुसरा कुणी नव्हता. एकटेच जायचे. संध्याकाळी अंगाला पानांचा वास घेऊन यायचे आणि जेवून निजायचे. बोलणं अजून तेवढंच आहे. तुम्हाला वाटेल सगळं ठीक झालं, तसं नाही. ते पहिल्यासारखे होणार नाहीत, मीही होणार नाही.

परवा संध्याकाळी गुरं बांधताना मात्र थांबले आणि मला म्हणाले की मावळतीला डोंगरावर ते ठळक काय दिसतंय, जयसिंगाला विचार. तेव्हा तेवढं कळवा. कोंडाजी म्हणतो विमान असेल. आजी म्हणते शुक्राची चांदणी, तिच्या आईनं दाखवलेली. कोण खरं ते लिहा, नाहीतर पुन्हा भांडण.

काल राब भाजला. उशिरा तोडलेली कवळ पुरती वाळली नव्हती, म्हणून कोंडाजी आपल्या ढिगातले भारे द्यायला आला. किती भारे काढायचे ते ठरवायला त्यानं विचारलं की वाफं किती? मी चार म्हणणार होते. तोंडात आलं होतं. तुमचे दादा वाकून पालापाचोळा पसरत होते, त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, पाच. महिपतचा धरून.

कोंडाजीनं पाच वाफ्यांचे भारे टाकले. ओढ्याकडचा वाफा त्यांनी शेवटी भाजला. त्यात काय पेरायचं, पेरायचं का नाही, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मडकं जागेवर आहे. धूर माझ्या अंगावर आला आणि मी बांधावर बसून रडले, भावजी. श्रावणापासून आलं नव्हतं ते सगळं आलं. बायांना वाटलं धुरानं डोळे चुरचुरले. तुमच्या दादांना तसं वाटलं नाही. ते येऊन शेजारी बसले, तुम्ही त्यांच्या शेजारी बसला होतात तसे.

जूनमध्ये तुमच्या शाळेला सुट्टी असेल तर पेरणीला या. तुमची खिडकीखालची जागा तशीच राहू द्या. दोघांचाही जीव तुमच्यावर आहे, तुमचा आमच्यावर असू द्या.

तुमची वहिनी
गोजरा